दोन सुलट, दोन उलट

आपल्या मराठी भाषेंत 'विणणें' हें क्रियापद मोठें उदार आहे. कोष्टी मागावर लुगडें विणतो, बुरूड टोपली विणतो, बाज सुंभानें विणली जाते, कोळी जाळें विणतो, आणि हिंवाळ्याच्या दुपारीं ओट्यावर बसलेली आजीबाई लोकरीची कानटोपीही विणतेच. परंतु या सर्व कामांना एकच शब्द लागला म्हणून तीं सर्व कामें एकच आहेत असें मात्र नाहीं. आपल्याकडील घोंगडीच घ्या. दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरावी, पिंजावी, तिचें सूत काढावें, त्यास चिंचोक्याची खळ द्यावी, मागावर ताणा लावून त्यांत बाणा भरावा, तेव्हां कोठें ती तयार होते. ती ऊन, पाऊस आणि थंडी अडविते खरी. परंतु अंगाबरोबर ताणली जात नाहीं. सुयांवरील विणकामाची गोष्ट निराळी. तेथें ताणा नाहीं, बाणा नाहीं, माग नाहीं. एकच धागा, दोन सुया आणि एका फासांतून ओढून काढलेला दुसरा फास, एवढेंच तेथील भांडवल. हा फास ताणला असतां रुंदावतो व सोडला असतां पुनः मूळ आकारास येतो. म्हणूनच मोजा पायास आणि टोपी डोक्यास नीट बसते. या लेखांत आम्हांस जें कांहीं सांगावयाचें आहे तें या दोन सुयांच्या कलेविषयीं, आणि विशेषतः ती एका हातून दुसऱ्या हातीं कशी जाते याविषयीं.

ही कला प्रथम कोणास सुचली हें सांगणारें एकही नांव इतिहासांत नाहीं. इजिप्त देशांत सांपडलेले व तिसऱ्या ते पांचव्या शतकांतील मानले जाणारे लोकरीचे मोजे प्रसिद्ध आहेत. परंतु ते नेढें असलेल्या एकाच सुईनें, दुसऱ्या एका जुन्या रीतीनें केलेले आहेत. दोन सुयांच्या खऱ्या विणकामाचे जुने तुकडेही इजिप्तमध्येंच मिळाले. ते सुती असून अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे समजले जातात. पुढें ही कला युरोपांत पसरली. फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा इ. स. १५६२ मध्यें मरण पावली. तिच्या रेशमी मोज्यांवर उलट टांका दिसतो, आणि उलट टांक्याच्या उपलब्ध पुराव्यांत तो फार जुन्यांपैकीं एक आहे. १५८९ च्या सुमारास विल्यम ली या इंग्रज गृहस्थानें मोजे विणण्याचें यंत्र केलें. यंत्र करणाराचें नांव राहिलें. परंतु उलट टांका ज्या हातांनीं प्रथम घातला, ते हात कोणाचे, हें आज कोणासही ठाऊक नाहीं.

युद्धांनीं तर विणकामास मोठमोठ्या सरदारांचीं नांवें दिलीं. पुढून उघडणाऱ्या लोकरीच्या कोटास लॉर्ड कार्डिगन यांचें, गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या उतरणाऱ्या बाहीस लॉर्ड रॅग्लन यांचें, आणि चेहरा तेवढा मोकळा ठेवून डोकें व मान झांकणाऱ्या कानटोपीस, क्रिमियाच्या युद्धांत २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं जेथें लढाई झाली, त्या बालाक्लाव्हा गांवाचें नांव मिळालें. मोज्याचें टोंक शिवण न दिसतां बंद करण्याची जी युक्ति आहे, तिला पहिल्या महायुद्धांतील युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचें नांव चिकटलें. सरदारांचीं नांवें अशीं अमर झालीं. थंडींत कुडकुडणाऱ्या सैनिकांसाठीं ज्या असंख्य स्त्रिया दिव्यापाशीं बसून मोजे विणीत होत्या, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. ज्या विद्येचे कर्ते असे निनांवी, ती पुस्तकांच्या आधारें फारशी टिकत नाहीं. ती टिकते शिकविण्यानें. आणि शिकविणें थांबलें तर काय होतें, हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें आहे.

आमचें बालपण मनमाडास गेलें. महाराष्ट्रांत थंडी ती काय, असें मुंबईकर खुशाल म्हणोत. आमच्या नाशिक जिल्ह्यांत निफाडकडे पौष महिन्यांत कित्येकदां असें हींव पडतें कीं द्राक्षांचे बागाईतदार वेलींना ऊब देण्यासाठीं पहांटे बागेंत शेकोट्या पेटवितात. आमच्या घरीं आत्याबाई असत. ऐन तारुण्यांत वैधव्य आल्यामुळें त्या माहेरीं परतल्या होत्या. त्यांनीं स्वतः विणलेली एक पांढरी शाल होती. मधला भाग साधा, पण काठ पानापानांच्या जाळीचा, आणि चारी कोपऱ्यांवर ती पानें अशा खुबीनें वळलेलीं कीं पाहणारानें बोट लावून पाहावें. ही वीण त्या कोणासही दाखवीत नसत. काठाची ओळ आली कीं पाठ फिरवून बसत. आम्हीं एकदां धीर करून विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, हें बायकांचें काम. तूं आपला जा आणि विटीदांडू खेळ." आमच्या बहिणींनीं विचारलें, तेव्हां, "शिकाल आपापल्या सासरीं," एवढेंच उत्तर मिळालें.

आत्याबाईंना दोष देणें सोपें आहे. परंतु आम्हांस तें न्यायाचें वाटत नाहीं. त्यांचे दागिने घरच्या अडचणींत केव्हांच मोडले गेले होते. ज्या खोलींत त्या निजत ती खोलीही त्यांची नव्हती. अवघ्या घरांत 'हें माझें' असें म्हणावयास त्यांच्यापाशीं ती एक वीण होती. ज्याच्या मुठींत एकच नाणें आहे, त्यास मूठ उघडावयास भय वाटल्यास नवल नाहीं. पुढें त्या वारल्या. शाल आमच्याकडे राहिली. कांहीं वर्षांनीं तिचा एक कोपरा उसवला, आणि तो पूर्ववत् विणूं शकेल असा एकही मनुष्य घरांत किंवा शेजारीं उरला नव्हता.

आम्हीं सुया हातीं धरल्या त्या शेजारच्या कृपेनें. मनमाड हें रेल्वेचें मोठें जंक्शन. तेथील वसाहतींत नाना प्रांतांचीं कुटुंबें बदलून येत असत. असेच पंजाबकडील एक गार्डसाहेब आमच्या पलीकडे राहावयास आले. त्यांच्या पत्नीस सारी वसाहत, मुलांसुद्धां, भाभीजी म्हणे. दुपारचीं कामें आटोपलीं कीं त्या अंगणांत बाज टाकून विणावयास बसत आणि जो येईल त्यास शेजारीं बसवून घेत. आम्ही कुंपणापाशीं घुटमळत आहों असें पाहून त्या म्हणाल्या, "आओ बेटा, तुम भी बैठो. सर्दी लड़का-लड़की देखकर नहीं लगती." त्या टांक्यास फंदा आणि सुईस सलाई म्हणत, आमच्या तोंडीं आजही तेच शब्द आधीं येतात.

भाभीजींची शिकविण्याची रीति आम्हांस आज इतक्या वर्षांनीं अधिकच मोलाची वाटते. त्या कधींही शिकणाराच्या समोर बसत नसत. पाठीशीं बसून त्याच्या हातांवर आपले हात ठेवीत. समोर बसलें असतां उजवें तें डावें दिसतें व नवशिक्याचा गोंधळ उडतो. डावखुरें मूल आलें तर मात्र त्या मुद्दाम समोर बसत, म्हणजे तें आरशांत पाहिल्याप्रमाणें नक्कल करी. पहिले आठ दिवस त्या कांहींही वस्तु करूं देत नसत. वीस टांके घालावयाचे, सुलट विणावयाचे आणि संध्याकाळीं उसवून गुंडा करावयाचा. उसवण्याचें भय मोडलें कीं अर्धी विद्या आली, असें त्यांचें मत होतें. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणतीही वीण घरबसल्या पाहावयास मिळते, आणि तो मोठाच लाभ आहे. परंतु आपली मूठ आवळली गेली आहे, खांदे कानांपर्यंत चढले आहेत, हें पडदा सांगत नाहीं. तें पाठीशीं बसलेल्या माणसासच दिसतें.

त्यांच्यापाशीं आम्ही जें शिकलों, त्यांतील गळपट्ट्यापुरतें येथें देतों, म्हणजे ज्यास इच्छा होईल त्यास आरंभ करितां येईल. सर्व टांके सुलट असलेली ओळ आणि मग सर्व उलट असलेली ओळ, अशी वीण दिसावयास गुळगुळीत असते. परंतु तिच्या कडा गुंडाळल्या जातात, म्हणून नुसत्या त्या विणीचा गळपट्टा नळीसारखा वळतो. प्रत्येक ओळ सुलटच विणावी, किंवा दोन सुलट व दोन उलट असा क्रम ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहून पट्टा सपाट बसतो. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या, सुया घ्याव्या. आपल्या बाजारांतील जुन्या नंबरांत आंकडा जसा वाढतो तशी सुई बारीक होते, हें ध्यानांत ठेवावें. सर्व लोकर एकदमच व एकाच रंगाईची घ्यावी. मागाहून आणलेल्या गुंड्याचा रंग किंचित् वेगळा निघाला तर तो पट्टा पडतो आणि लपत नाहीं.

काम सुरू करण्यापूर्वीं त्याच विणीचा वीतभर तुकडा विणून १० सेंटिमीटरांत किती टांके बसतात तें मोजावें. समजा २६ बसले, तर २० सेंटिमीटर रुंदीस ५२ टांके घालावे. ज्याचा हात सैल आहे व १० सेंटिमीटरांत २४ च टांके बसतात, त्याचा पट्टा तेवढ्याच टांक्यांत सुमारें पावणेबावीस सेंटिमीटर होईल. गळपट्ट्यांत हा फरक खपतो. स्वेटरांत छातीचें माप बोटभर नव्हे, चांगलें चार बोटें चुकतें. दोन सुलट-दोन उलट या विणीस टांक्यांची संख्या चारानें भागली जावी, म्हणजे प्रत्येक ओळ दोन सुलटांनीं सुरू होऊन दोन उलटांवर संपते. ओळीचा पहिला टांका न विणतां तसाच दुसऱ्या सुईवर घ्यावा; कड वेणीसारखी रेखीव येते. नवा गुंडा नेहमीं कडेसच जोडावा, मध्यें गांठ मारूं नये. टांका सुटून शिडी पडली तर घाबरूं नये. क्रोशाच्या सुईनें एकेक पायरी वर ओढीत तो पुनः सुईवर आणावा. शेवटीं टांके बंद करितांना हात सैल सोडावा, नाहींतर टोंक चुणून जातें. सुमारें दीडशें सेंटिमीटर लांब झालें म्हणजे मोठ्या माणसास पुरतें.

लोकर गरम कां, हेंही मुलांनीं समजून घ्यावें. लोकर स्वतः उष्णता निर्माण करून ठेवीत नाहीं. तिचे कुरळे तंतु आपल्यामध्यें हवा कोंडून धरितात, आणि ही स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. तसेंच लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा शोषूनही हातास ओली लागत नाहीं. परंतु तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. कढत पाण्यांत चोळलें असतां ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्याचा स्वेटर लहानाचा होऊन बसतो. म्हणून लोकरीचें वस्त्र कोमट किंवा थंड पाण्यांत, न चोळतां, नुसतें दाबून धुवावें, पिळूं नये, आणि दोरीवर न टांगतां पंचावर पसरून सावलींत वाळवावें.

ज्ञान मुक्तहस्तानें देणाऱ्या माणसांचीच ही परंपरा आहे. इंग्लंडांत मेरी थॉमस यांनीं १९३८ मध्यें विणकामाचें मोठें पुस्तक लिहिलें व १९४३ मध्यें विणींचा संग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकेंत बार्बरा वॉकर यांनीं १९६८ पासून शेंकडों विणी जमवून ग्रंथरूप केल्या. इंग्लंडांत जन्मून अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांस कांहीं नवी युक्ति सुचली कीं त्या 'मीं शोध लाविला' असें म्हणत नसत. जगांत कोठें तरी, केव्हां तरी, कोणास तरी हें आधींच सुचलें असेल, असें म्हणून त्यांनीं 'पुनः गवसलें' अशा अर्थाचा एक स्वतंत्र शब्दच घडविला होता. हा विनय आम्हांस फार आवडतो.

परंतु येथें एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. जिची चूलच विणकामावर पेटते, तिनें आपली खास वीण वाटून टाकावी काय? याचें उत्तर हिमाचल प्रदेशांतील लाहौल खोऱ्यांत कांहीं अंशीं मिळतें. तेथें केलांग गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोरेव्हियन मिशनचीं माणसें राहत होतीं. त्यांपैकीं मारिया हाइडे या बाईंनीं स्थानिक स्त्रियांस मोजे विणावयास शिकविलें. त्या स्त्रियांनीं ती विद्या आपलीशी करून तींत आपले रंग व आपल्या आकृति घातल्या, आणि आईकडून मुलीकडे ती चालत राहिली. २०२१ सालीं लाहौलचे हातविणीचे मोजे व हातमोजे यांस भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंद मिळाली. म्हणजे विद्या वाटली गेली, तरी ती वाटणाऱ्या समाजाचा हक्क बुडाला नाहीं. उलट, सर्वांच्या हातीं ती होती म्हणूनच सर्वांचा मिळून हक्क सिद्ध झाला. तथापि घेणारानेंही आपलें कर्तव्य विसरूं नये. दुसऱ्यानें छापलेला नमुना त्याच्या परवानगीवांचून विकूं नये, आणि हातविणीच्या स्वेटराची किंमत करितांना यंत्राच्या स्वेटराशीं घासाघीस करूं नये. एक साधा गळपट्टा विणावयास आमच्या हातास वीस तासांहून अधिक लागतात. लोकरीची किंमत देऊन तासांची किंमत न देणें म्हणजे अर्धें बिल चुकविणें होय.

दुसरा आक्षेप आत्याबाईंचा: हें बायकांचें काम. यास जगानेंच उत्तर दिलें आहे. फ्रान्समधील लांद प्रांताचे मेंढपाळ पूर्वीं उंच काठ्यांवर उभे राहून कळपावर नजर ठेवीत आणि हातानें विणीत. पेरू देशांतील टाकिले बेटावर पुरुष आजही विणतात. तेथील वस्त्रकलेस युनेस्कोनें २००५ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें. आमच्या शाळेंतील मुलग्यांनीं हें वाचून निदान आपल्या पायमोज्याचें भोंक तरी स्वतः रफू करावें, एवढी आमची अल्पशी अपेक्षा आहे.

सांप्रत मार्गशीर्षापासून माघापर्यंत दर रविवारीं दुपारीं आमच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली असते. शेजारच्या सुना येतात, कामावरून सुटलेले दोन तरुण येतात, शाळेंतील मुलें येतात. ज्यास जी वीण येते ती तो दाखवितो, आणि ती एका जाड वहींत ओळीवार उतरून घेतली जाते. सुलट टांक्यास उभी रेघ, उलट टांक्यास टिंब, जाळीस शून्य. कोणीही वही घरीं नेऊन उतरून घ्यावी अशी मुभा आहे. अट एकच: शिकलेली वीण वर्षाच्या आंत दुसऱ्या दोघांस शिकवावी. तयार झालेल्या टोप्या व गळपट्टे ऊंसतोडीसाठीं येणाऱ्या कुटुंबांतील मुलांस जातात.

या मेळाव्यांत आत्याबाईंची शालही सतरंजीवर पसरलेली असते. तिच्या काठाचीं पानें आम्हीं सर्वांनीं मिळून भिंगानें पाहून उलगडलीं आहेत. तीं आतां वहींत आहेत व पांच-सहा जणांच्या हातांत आहेत. कोपऱ्याचें वळण मात्र अजून पुरतें साधलेलें नाहीं. मागील हिंवाळ्यांत नववींतील एका मुलीनें चौकटींच्या कागदावर त्यांतील बारा ओळी बरोबर बसविल्या. तेराव्या ओळींत दोन टांके कोठून तरी अधिक येतात, आणि ते आत्याबाईंनीं कसे आणले असतील यावर आमच्यांत अद्यापि वाद चालू आहे. उसवलेला कोपरा आम्हीं जाड दोऱ्यानें तात्पुरता धरून ठेविला आहे.

वाचक मुलामुलींस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं आजी, मावशी, काका, शेजारीण, ज्या कोणास कांहीं विणतां येत असेल, त्यांच्यापाशीं या सुट्टींत जाऊन बसा. त्यांनीं पाठ फिरविली तर रागावूं नका. दुसऱ्या दिवशीं पुनः जा, त्यांच्या लोकरीची लडी हातांवर धरून गुंडा करूं लागा, आणि मग विचारा. एखादीस पानांच्या जाळीचा कोपरा वळवितां येत असला, तर तेवढी तेरावी ओळ आम्हांस अवश्य कळवा.